खोबरेल, रम आणि ढगळ वेटसूट: त्या मेसेजला उत्तर

नाताळची सुट्टी जवळ आली की बेळगाव-खानापूरकडची पोरं आंबोलीमार्गे मालवणला स्कुबा (पाठीला हवेचा सिलिंडर लावून समुद्रात बुडी) करायला निघतात. जी जात नाहीत ती पहाटे विहिरीवर. नेमका त्याच सुमाराला 'थंड पाण्यात गरम कसं राहाल' हा मेसेज निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या ग्रुपांत फिरायला लागतो. अंगाला खोबरेल चोळा, दोन घोट रम घ्या, वेटसूट (पाण्यात घालायचा रबरी पोशाख) एक साइज मोठा घ्या म्हणजे आत जास्त पाणी तापतं, उतरण्याआधी पंचवीस जोरजोरात श्वास घ्या, बाहेर आलात की कढत पाण्याने अंघोळ करा, आणि अर्धी उष्णता डोक्यातून जाते म्हणून टोपी घाला. खाली 'अनुभवी डायव्हरचा सल्ला' असा शिक्का. टोपी सोडली तर एकही सल्ला पाळण्यासारखा नाही, आणि रम आणि श्वासाचा तर जिवावर बेतणारा आहे.

ऐकताक्षणी पटतो तो वेटसूटचा मुद्दा, म्हणून आधी तोच घेऊ. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यामुळे मालवणचा समुद्र २७-२८ अंशांवर असला तरी तासाभरात उघड्या अंगाला कापरं भरतं. वेटसूट ही गळती रोखतो, पण त्यात शिरलेल्या पाण्याच्या जोरावर नव्हे. सुटाची एखादी फाटकी कड नीट बघा. निओप्रीन, म्हणजे ज्या फेसाळ रबराचा सूट बनतो ते, आतून आंबोळीसारखं जाळीदार दिसतं. फरक इतकाच, की इथलं प्रत्येक भोक बंद असतं आणि आत वायू कोंडलेला असतो. ऊब राखतात ते हे बुडबुडे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी वेटसूट तयार केला तो याच हिशेबाने: अंग ओलं झालं तरी चालेल, कपड्यात वायू कोंडलेला हवा.

आत शिरणारं पाणी हा नाइलाज आहे, फायदा नाही. पातळ थर एका जागी थांबला तर अंग तो एकदाच तापवतं आणि तिथे भागतं. सूट ढगळ असेल तर हात मारला की मानेतून गार पाणी आत आणि घोट्यातून तापलेलं बाहेर, असा पंपच सुरू होतो. तापवलेलं पाणी समुद्राला वाटत बसायचं. म्हणून सूट भाड्याने घेताना तीन जागा चाचपून बघा: मानेची कड, काख, आणि पाठीचा खालचा खळगा. वाकल्यावर खळग्यात सूट फुगत असेल तर दुसरा मागा. आतून सुती बनियन घालू नका, कड वर येते आणि पाण्याला वाट मिळते. खोलीचाही हिशेब आहे. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे निम्मे दबतात आणि सूट बराच पातळ पडतो. वर मस्त ऊब होती आणि खाली हुडहुडी भरली, याचं एक कारण हे.

रमचा मुद्दा आपल्याकडे सहज खपतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, गल्लीत एखादे तरी माजी सैनिक काका, आणि त्यांच्या कपाटात कॅन्टीनची बाटली. 'फौजेत थंडीला रम देतात की!' असं कोणी म्हणालं तर त्याच काकांना विचारा: शेकोटीजवळ बसून प्यायची ती, की पिऊन नदीत उतरायचं? दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या सैल होतात, पोटातलं गरम रक्त वर येतं, म्हणून गरम वाटतं. तीच ऊब मग थेट पाण्यात जाते. गरम वाटणं आणि गरम राहणं यांतली ही गल्लत या सबंध मेसेजमध्ये आहे. वर दारूने कापरं भरण्याची क्रिया मंदावते, म्हणजे शरीराचा स्वतःचा हीटरच कमी होतो. आणि डोकं ठिकाणावर नसताना सिलिंडरमधली हवा किती उरली हे कोण बघणार?

खोबरेलाला फार वेळ देत नाही. डिसेंबरात पहाटे बाटलीत गोठून बसणारं तेल अंगाला ऊब देणार, हीच गंमत. १८७५ मध्ये मॅथ्यू वेब या इंग्रज पोहणाऱ्याने इंग्लिश खाडी पोहताना अंगाला तेल चोपडलं होतं, हे खरं. आज लांब पल्ल्याचे पोहणारे वंगण लावतात ते मुख्यतः काखेत आणि मानेला कातडी सोलवटू नये म्हणून. तेलाच्या एवढ्याशा थराने थंडी अडत नाही. तेलकट चेहऱ्यावर मास्क मात्र नीट बसत नाही.

आता श्वास. उतरण्याआधी झपाझप श्वास घेतल्याने ऊब तयार होत नाही, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. 'श्वास घे' ही तगमग त्याच वायूमुळे होते. तो कमी झाला की तगमग उशिरा होते, ऑक्सिजन आधी संपतो, आणि माणूस कसलीही चाहूल न लागता पाण्याखाली बेशुद्ध पडतो. विहिरीत श्वास रोखून तळ गाठायची पैज लावणाऱ्या पट्टीच्या पोहणाऱ्यांना हा धोका सगळ्यात जास्त, कारण काठावरच्यांना वाटतं गडी दम काढतोय. थंड पाण्याचा पहिला झटका टाळायचा तर मुटका मारण्याआधी पायऱ्यांवरून उतरा, मानेवर-तोंडावर पाणी घ्या, धाप शांत होईपर्यंत एक-दोन मिनिटं तिथेच थांबा.

विहिरीचं पाणी पहाटे 'गरम' असतं, म्हणून कितीही वेळ पोहलं तरी चालतं, असंही कोणीतरी त्या मेसेजखाली जोडलंय. भूजलाचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही. आपल्या अडीच हजार फूट उंचीवर ते पंचवीसच्या आसपास धरा. बाहेर चौदा-पंधरा अंश असताना त्यावर वाफ दिसते आणि हाताला ते कोमट लागतं. अंग मात्र सदतीस अंशांचं आहे. ते निवतच राहणार.

कढत अंघोळीचं पाहू. नुसतं गारठलेल्या माणसाने घरी जाऊन कोमट पाणी घ्यावं, हरकत नाही. पण जो थरथरतोय, बोलताना अडखळतोय, ज्याला स्वतःची चेन ओढता येत नाही, त्याला बंबातल्या पाण्याखाली उभं केलं तर रक्तदाब एकदम उतरून तो कोसळू शकतो. हातपाय चोळणंही नको. ओले कपडे काढा, आडवं करा, छाती-पोट चादरीत-घोंगडीत गुंडाळा. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गोड गरम काहीतरी द्या. थरथर थांबली पण माणूस गुंगीत गेला, तर ते बरं होण्याचं लक्षण नाही. १०८ ला फोन करा. डायव्हरला आणखी एक कारण: खोलवर दाबाखाली घेतलेल्या श्वासातून अंगात विरघळलेला नायट्रोजन अजून बाहेर पडत असतो, आणि कातडी एकदम तापवली की त्याचे बुडबुडे होण्याची शक्यता वाढते. थोडा वेळ जाऊ द्या.

उरली टोपी. अर्धी उष्णता डोक्यातून जाते हा आकडा चुकीचा. डोकं शरीराच्या पृष्ठभागाच्या दहाएक टक्के, आणि गळतीही साधारण तेवढीच. पण थंडीत हाताच्या रक्तवाहिन्या आकसतात तशा डोक्याच्या कातडीच्या आकसत नाहीत, त्यामुळे थंड पाण्यात हूड (सुटाची डोकं झाकणारी टोपी) घालावं हे बरोबर. परतीच्या बोटीत तर माकडटोपी घालाच, कोण हसतंय ते बघू नका. ओल्या सुटावर वारा लागला की खाली गेली नसेल इतकी ऊब वर जाते. सूट काढायला जागा नसेल तर वरून वारा अडवणारं काहीही चालतं, पावसाळ्यानंतर माळ्यावर टाकलेला रेनकोटसुद्धा.