पालकांनी लक्ष द्यावे

परवा मला इंग्रजीत दहापैकी सात मिळाले. वही मुलीची, इयत्ता तिसरीची. पण अक्षर सोडलं तर आतलं सगळं माझं. खाली लाल शाईत बाईंचा शेरा: 'पालकांनी लक्ष द्यावे.' अजून किती द्यायचं, बाई? रविवारची अख्खी सकाळ तुमच्या गृहपाठात घातली.

गृहपाठ असा होता: क्यू, ए आणि टी ही तिन्ही अक्षरं ज्यात येतात असे दहा इंग्रजी शब्द शोधा. लातूर पॅटर्नचं गाव आहे, इथं तिसरीतल्या पोरालाही सोपं काही विचारत नाहीत. बायको म्हणाली, "तुम्ही ग्रॅज्युएट, तुम्हीच बघा." मुलगी कार्टून लावून बसली. मी मोबाईल घेऊन कटिंगच्या दुकानात गेलो. म्हटलं, नंबर लागेपर्यंत होऊन जाईल.

कशाचं काय! क्वेश्चनमध्ये ए नाही. मॉस्किटोत ए नाही. स्क्वेअरमध्ये क्यू आहे, ए आहे, तर टी नाही. तलाठ्याकडे फेरफाराला गेल्यावर दरवेळी एखादा कागद कमी निघावा, तसं प्रत्येक शब्दात एक अक्षर कमी निघत होतं.

बाकावर शेजारी अडत दुकानातले एक मुनीमजी बसले होते. कानावर पेन, मांडीवर पेपर आणि डोळे माझ्या मोबाईलमध्ये.

"काय शोधायलाव सर?"

सांगितलं.

"क्यूच पायजे ना? लिव्हा. क्यूट."

"ते सीनं सुरू होतं."

"बरं. क्यूब."

"तेही सी."

"क्युकंबर! काकडी. आता बोला."

"सी."

मुनीमजींनी पेपरची घडी घातली. "सर, जितं क्यू म्हनायचं तितं सी लावायलेत. मग ह्ये क्यू ठिवलंच कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. इंग्रजांचंही एकेकाळी क्यूवाचून काही अडत नव्हतं. क्वीन हा शब्द ते सी-डब्ल्यू लावून लिहीत. १०६६ साली नॉर्मन आले, आणि पुढं त्यांच्या वळणाच्या लेखनिकांनी फ्रेंच पद्धतीनं क्यू-यू घुसवलं. पुढं १९३०च्या मंदीत काम गेलेल्या आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन आर्किटेक्टनं वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून शब्दांचा खेळ काढला, तोच स्क्रॅबल. त्यातल्या शंभर सोंगट्यांत ई बारा आणि क्यू फक्त एक. त्या एकट्या क्यूला दहा गुण! मला दहा क्यूंचे मिळून सात. असो.

"क्विंटल!" मुनीमजींनी एकदम मांडीवर थाप मारली.

मी स्पेलिंग मोजलं. क्यू, यू, आय, एन, टी, ए, एल. तिन्ही अक्षरं हजर! दुकानात माझ्यासमोर इंग्रजीचा जाणता बसला होता आणि मी फुकट मोबाईलशी झटत होतो. मुनीमजी मात्र इंग्रजीतून केव्हाच बाहेर पडले होते. "२०२५-२६चा सोयाबीनचा हमीभाव किती? ५,३२८. क्विंटलला. तुमच्यापैकी किती जनाला भेटला?" मग सगळं दुकान पेटलं. ओलावा, बारदाना, वजनातली कट, सगळं निघालं. कारागिराचा वस्तरा हवेत, गिऱ्हाईक फेसात. माझा गृहपाठ एका शब्दावर अडकलेला.

कारागिरानंच गाडी रुळावर आणली. आरशात बघत बारीक आवाजात म्हणाला, "क्वार्टर चालंल का?"

अक्षरं तिन्ही होती. लेकीच्या वहीत लिहायला जीव धजेना. पण क्वार्टर म्हणजे पाव भाग, घड्याळाच्या धड्यात असतंच, म्हणून लिहिलं. मुनीमजींचा आक्षेप वेगळाच. "पाव लिटर म्हंजी अडीचशे. बाटली साडेसातशेची धरली तर पाव भाग एकशे साडेसत्त्याऐंशी. मग क्वार्टर एकशेऐंशीची कशी? साडेसात मिलि कोन खायलंय?" आयुष्य काट्यावर काढलेला माणूस. त्याला साडेसात मिलिचा घोळ सहन होत नव्हता, आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून मलाही होत नाही.

मग वेग आला. क्वारंटाईन २०२० साली सगळ्यांचा पाठ झालेला. क्वालिटी, क्वांटिटी, इक्वेटर हे माझे. कोटा म्हटल्याबरोबर कोपऱ्यातून आवाज आला, "कोट्याला कशाला पाठवायलाव? आपल्या लातुरात काय कमी हाय?" अक्वाटिक म्हणजे पाण्यातला, असं मी सांगितलं तेव्हा कुणीच काही बोललं नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यायलेलं गाव हे.

उरलेल्या दोन शब्दांसाठी नाइलाजानं नेटवर अक्षरं टाकली. असली यंत्रं डिक्शनरी उपसून पुढ्यात ओततात, माणसाला कुठला शब्द उपयोगाचा याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. पहिलाच शब्द निघाला निव्वळ क्यू, ए, टी. उच्चार कात.

"पानाला लावत्यात त्यो?" मुनीमजी.

"नाही. येमेनमध्ये एका झाडाची पानं चघळतात. तरतरी येते, नशा येते."

"मंग तंबाखूच की ओ! आन् ह्ये तिसरीच्या लेकराला?"

दुसरा शब्द क्यू, ए, एन, ए, टी. कनात. मुनीमजींच्या डोळ्यांपुढं लग्नाचा मांडव आला. पण ही कनात म्हणजे जमिनीखालून खेळवलेला पाण्याचा पाट. मलिक अंबरनं सतराव्या शतकात औरंगाबादला नहर खोदली, ती त्याच जातीची. मराठवाड्यातली वस्तू इंग्रजी डिक्शनरीत क्यू लावून बसलेली बघून मला उगाच बरं वाटलं. दहा झाले.

यातले तीन शब्द बाईंनी खोडले: कात, कनात आणि क्विंटल. क्वार्टरला बरोबरची खूण, शेजारी चांदणी.

कात आणि कनात मी सोडून देतो. क्विंटल नाही सोडणार. हजारो रुपये फी भरून मुलांना इंग्रजी शाळेत घालायचं, तिथला अभ्यास घरी आपणच करायचा, वर लक्ष देत नाही म्हणून ऐकून घ्यायचं. आणि ज्या शब्दावर अख्ख्या गावाचं पोट चालतं तो शब्द गावठी दिसतो म्हणून कापायचा? डिक्शनरीचं पान मोबाईलमध्ये उघडून मी शाळेत गेलो.

बाईंनी पान पाहिलंसुद्धा. म्हणाल्या, "असेल हो सर, पण आमच्या आन्सर-कीमध्ये नाही. क्विंटल आपलाच शब्द आहे ना? मार्केटमधला."

मी म्हटलं, "आपला कसा? मार्केटमधल्या मुनीमजींनीच सांगितला, तिन्ही अक्षरं मोजून घेतली."

"कुठल्या अडतीवरचे मुनीम?" बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "तुमच्या ओळखीचे आहेत का? भाव विचारा ना जरा. आमचं घरचं सोयाबीन वीस क्विंटल पडून आहे."

मी मुनीमजींचा नंबर दिला. गुण सातच राहिले.