अर्धी गोळी

कालपासून आमच्या नाक्यावरचा मेडिकलवाला मला 'बाँडवाले साहेब' म्हणतो. पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा. दहा टक्के सूट देतो म्हणून ऐकून घेतो, इतकंच.

मागणी साधी होती. बीपीची गोळी दे, पण दुसऱ्या कंपनीची. कारण नेहमीच्या गोळीच्या कंपनीने निवडणूक रोखे, म्हणजे नाव गुप्त ठेवून पक्षाला देणगी द्यायचे बाँड, घेऊन ज्या पक्षाला दिले, त्याचं नुसतं नाव ऐकलं तरी माझा बीपी चढतो. आधी चढवायला देणगी, मग उतरवायला गोळी. दोन्हीकडून गिऱ्हाईक मीच! हे मी हळू आवाजात सांगत होतो. पण मागे बँकेतून निवृत्त झालेले एक काका उभे होते. कोणत्या बँकेतून, ते विचारू नका.

"बघू रोखे घेणाऱ्यांची यादी," म्हणत त्यांनी माझा मोबाईल हातातून घेतलाच. चष्मा कपाळावरून खाली आला, अंगठा वर सरकू लागला. मागची रांग वाढली.

"अहो, यांनी तर तुमच्या पक्षालाही दिलेत!"

"माझा कुठलाही पक्ष नाही."

"असं सगळेच म्हणतात. असं करा, गोळी मोडा. अर्धी त्यांच्या वाट्याची फेकून द्या, अर्धी आपल्या वाट्याची घ्या."

रांग हसली. मेडिकलवाला मात्र गंभीर. "पाचची अडीच होईल साहेब. डॉक्टरांना विचारून घ्या."

मी दुसरी कंपनी मागितली. ती यादीत होती. तिसरीही होती. चौथी नव्हती, तर काका म्हणाले, "नाव नाही म्हणजे दिले नाहीत असं थोडंच? रोखे निघाले २०१८ मध्ये, यादी १२ एप्रिल २०१९ पासूनची. शिवाय इलेक्टोरल ट्रस्ट आहेत. त्यात दहा जणांनी पैसे टाकायचे, पुढे कुणाचा रुपया कुणाला गेला ते तुम्ही हुडका."

"मग जनऔषधीत जातो."

"त्या योजनेच्या नावातच 'प्रधानमंत्री' आहे. आणि २००८ मध्ये सुरू केली आधीच्या सरकारने. म्हणजे तीही अर्धी-अर्धीच!"

आता यावर काय बोलणार? मी विचारलं, एवढं माहीत आहे तर रोखे विकणाऱ्या तुमच्या स्टेट बँकेने त्यांचे आकडे द्यायला ३० जून २०२४ पर्यंत मुदत का मागितली होती? सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्चला नाही म्हटलं आणि १२ला सगळं सापडलं. काका शांतपणे म्हणाले, "मी त्याआधीच रिटायर झालो होतो."

बरं, त्या यादीचा उपयोग तरी काय करायचा? सगळ्यात मोठी देणगीदार लॉटरीची कंपनी, रोखे १,३६८ कोटींचे. तिच्यावर बहिष्कार घालायचा तर आधी तिकीट घ्यायची सवय लावून घ्यावी लागेल. दुसऱ्या नंबरची धरणं बांधते, बोगदे खणते. आमचा ठाणे-बोरिवली बोगदाही तिच्याकडेच आहे. तो झाला की निषेध म्हणून मी घोडबंदर रोडनेच जाणार, म्हणजे आत्ता जातो तसाच, दोन तास शिव्या घालत.

बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका असतो. आत किती साखर आहे ते असतं, पुडा कधी शिळा होणार ते असतं. या पुड्यातले चार आणे कुणाच्या सभेच्या मांडवाला गेले, एवढंच नसतं. मीठ कमी करा म्हणून मला डॉक्टर सांगतो, बायको सांगते, व्हॉट्सॅपवर अनोळखी माणसंही सांगतात. आणि पूर्वी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता यायची, ती मर्यादा २०१७ मध्ये काढून टाकली, तेव्हा मला कुणी विचारलं? न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते सगळं घटनाबाह्य ठरवलं, छान झालं. पण तोवर दिलेले पैसे दिलेलेच राहिले. पक्षांनी परत केले नाहीत. माझ्या गोळ्यांचे तर नाहीच नाही. सहा वर्षं मी रोज सकाळी नाश्त्यानंतर एका पक्षाला देणगी देत होतो, आणि मी आपला समजत होतो की तब्येतीची काळजी घेतोय!

शेवटी घेतली नेहमीचीच. अख्खी. पाकिटात टाकताना मेडिकलवाल्याने विचारलं, "बाँडवाले साहेब, बिल हवंय?"

काकांना गुडघ्यासाठी मलम हवं होतं. त्याने एक ट्यूब पुढे केली. काकांनी ती माझ्यासमोर धरली. "जरा बघा हो, यांनी किती दिलेत?"

मी पाहिलं. नाव नव्हतं.

"एक कोटीसुद्धा नाही?" काकांनी ट्यूब परत काउंटरवर ठेवली. "दुसरं दाखव रे, जरा बऱ्या कंपनीचं."