असून अडचण, नसून खोळंबा

माझ्या गाडीचा दुसरा गिअर टाकताना गेली दोन वर्षं असा खर्रर्र आवाज यायचा की सिग्नलला शेजारी थांबलेली माणसं काच खाली करून माझ्याकडे दयेनं बघायची. मग मी पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर जायची सवय लावून घेतली. दाढ दुखायला लागली की माणूस दुसऱ्या बाजूनं चावतो, तसंच. शेवटी एक वापरलेला पण ठणठणीत गिअरबॉक्स मिळाला आणि तो आपणच बसवायचा असं मी जाहीर करून टाकलं. मदतीला मेहुणा आला. त्याला यंत्रातलं काही कळत नाही, पण उत्साह दांडगा. मला थोडंफार कळतं, उत्साह बेताचा. दोघं मिळून एक अख्खा मेकॅनिक होईल असा हिशेब होता.

धास्ती होती ती मोठ्या गोष्टींची. जवळजवळ ३५ किलोचं धूड अंगावर पडेल, चाकांकडे जाणारे शाफ्ट निघणार नाहीत, जुनं तेल डोळ्यात जाईल. यातलं काहीही झालं नाही. बॅटरीची तार सोडवली, गाडी स्टँडवर घेतली, तेल काढलं, शाफ्ट अगदी शहाण्या मुलांसारखे बाहेर आले. आमचा शनिवार आणि निम्मा रविवार खाल्ला तो दोन डॉवेलनी.

डॉवेल म्हणजे पोलादी नळीचा तुकडा. करंगळीएवढा जाड, जेमतेम दोन सेंटिमीटर लांब. असे दोन असतात, आमच्या गाडीत एक डावीकडे, एक उजवीकडे. निम्मा इंजिनात रुतलेला आणि निम्मा गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडात, म्हणजे बेलहाउसिंगमध्ये. पोकळीतून बोल्ट आरपार जातो. मराठीत सरळ खुंटी म्हणावं. मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्स काढण्याचं प्रकरण चांगलं लांबलचक होतं, आणि या खुंट्यांच्या वाट्याला त्यातली अर्धी ओळ आली होती : डॉवेल जागेवर असल्याची खात्री करावी. बस. सासरच्या मंडळींची ओळख करून देताना सगळ्यात खाष्ट आत्याचं नाव घाईघाईत उरकावं, तसं.

सगळे बोल्ट निघाले. खाली जॅक लावला. मी गिअरबॉक्स मागे ओढला. तो हलला नाही. मेहुण्यानं ओढला. गाडी हलली.

"भावोजी, एखादा बोल्ट राहिला असेल."

राहिला होता. स्टार्टरच्या मागे, हात आणि नजर एकाच वेळी पोचणार नाही अशा ठिकाणी. तो काढला. तरी गिअरबॉक्स तिथेच. मग मी फटीत पहार घातली आणि डावीकडून रेटा दिला. डावीकडे दोन मिलिमीटर फट पडली. जिंकलो! उजवीकडे जाऊन रेटलं, तर उजवीकडे फट पडली आणि डावीकडची मिटली. अर्धा तास आम्ही हा खेळ खेळलो.

खालच्या मजल्यावरचे काका आयुष्यभर फिटर होते. आता ते निवृत्त आहेत आणि दुसऱ्यांची कामं बघणं हा त्यांचा पूर्ण वेळचा उद्योग आहे. ते स्वतःची खुर्ची घेऊन आले आणि थोडा वेळ नुसते बघत बसले.

"जुन्या कपाटाचा खण एका कडेनं ओढून बघितलायस कधी?" त्यांनी विचारलं. "अडकतो ना? मग हे वेगळं काय करतोयस? दोन्हीकडून थोडं थोडं. आणि आधी त्या खुंट्यांना गंज सोडवायचं तेल पाज."

झालं होतं असं, की बेलहाउसिंग ॲल्युमिनियमचं आणि खुंटी पोलादाची. या दोन धातूंमध्ये ओल शिरली की ॲल्युमिनियम झिजतं आणि पांढरी भुकटी धरतं. ती भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते. म्हणजे सैल बसलेली खुंटी काही वर्षांनी स्वतःला पाचरीसारखी ठोकून घेते, हातोडी न लावता. तेल पाजलं, तासभर थांबलो, मग दोन पहारी घेऊन दोघांनी काकांच्या तालावर रेटलं. "डावा... उजवा... डावा... अरे, मी डावा म्हणालो!" मिलिमीटर-मिलिमीटर करत धूड सरकलं आणि एकदम सुटलं. त्याबरोबर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला एक पातळ, अर्धचंद्राकृती पत्रा खणकन खाली पडला. मेहुण्यानं तो स्वच्छ पुसून भिंतीला टेकवून ठेवला. या माणसाच्या टापटिपीबद्दल मला त्या क्षणी फार कौतुक वाटलं.

जुना गिअरबॉक्स बदल्यात द्यायचा होता, तो त्याच संध्याकाळी गेला. जाताना एक खुंटी स्वतःबरोबर घेऊन गेला. दुसरी इंजिनात चिकटून राहिली. नवा आला तो आपल्या दोन्ही खुंट्या घेऊन. म्हणजे जागा दोन आणि खुंट्या तीन. हे गणित दुसरीतल्या मुलालाही जमलं असतं, पण दुसरीतलं मूल त्या वेळी गाडीखाली नव्हतं.

रविवारी सकाळी नवा गिअरबॉक्स चढवला. क्लच प्लेट, म्हणजे इंजिनाला गिअरबॉक्सशी जोडणारी-सोडणारी चकती, आधी नीट मधोमध धरून बसवली होती. तरी डाव्या बाजूला बोटाचं टोक जाईल एवढी फट राहिली. फट राहिली की शंका दातऱ्यांवर घ्यायची, हे मला पाठ होतं. क्लच प्लेटच्या आतले दाते आणि गिअरबॉक्समधून पुढे आलेल्या इनपुट शाफ्टवरचे दाते एकमेकांत बसले नाहीत तर असंच होतं. म्हणून गिअर टाकून शाफ्ट थोडा थोडा फिरवत बसलो. दीड तास फिरवला. फट तेवढीच.

"भावोजी, लांब बोल्ट लावून आवळू या ना. येईल ओढत."

हा प्रश्न प्रत्येक गिअरबॉक्सच्या आयुष्यात एकदा येतो. मीही दमलो होतो. मी बोल्ट लावला, पाना फिरवला, अर्धा फेरा झाला आणि "टक्" असा आवाज आला.

बोल्टनं गिअरबॉक्स ओढून घेऊ नये हे मला माहीत होतं. बोल्ट ज्यातून जातो तो बॉक्सच्या कडेचा कान ॲल्युमिनियमचा असतो, बोल्ट पोलादी. ओढाताणीत कुणाचा बळी जातो ते सांगायला नको. बॉक्स बसतोय तर हातानंच बसला पाहिजे, बोल्ट फक्त शेवटी धरून ठेवायला. हे सगळं ज्ञान मला तो टक् ऐकल्यावर अर्ध्या सेकंदात, अतिशय सुस्पष्ट शब्दांत आठवलं. श्वास रोखून कान चाचपले. एकही तडा नाही. जॅकचं चाक फरशीच्या सांध्यात उतरलं होतं.

काकांनी खुर्चीतून उठण्याचं कष्टप्रद काम केलं, बॅटरी मागितली आणि फटीत डोकावले. मग बॅटरी माझ्या हातात देऊन पुन्हा जाऊन बसले. मी डोकावलो. डाव्या बाजूला इंजिनाची खुंटी आणि गिअरबॉक्सची खुंटी नाकाला नाक लावून उभ्या होत्या, अरुंद जिन्यात समोरासमोर आलेल्या दोन जाड गृहस्थांसारख्या. कुणीही मागे हटायला तयार नाही.

बॉक्स पुन्हा खाली. एक खुंटी काढायची. आता ही वीतभरही नसलेली नळी काढायची कशी, यावर तीन माणसांची पाच मतं होती. मी पकडीनं धरून ओढली, ती लंबगोल झाली. मेहुण्यानं कुठेतरी पाहिलं होतं की पोकळीत ग्रीस भरायचं, बरोबर मापाची सळई घालायची आणि वरून हातोडी मारायची. ग्रीसच्या दाबानं खुंटी वर येते. युक्ती खरी आहे, फक्त भोक मागून बंद असावं लागतं. आमचं आरपार होतं. हातोडी बसली, ग्रीस मागच्या बाजूनं निघालं आणि तिथे वाकून बघत असलेल्या मेहुण्याच्या कपाळावर त्याचा गोल टिळा उमटला.

शेवटी काकांचा उपाय चालला. पोकळीत ड्रिल-बिटचा गुळगुळीत दांडा घालायचा, म्हणजे नळी आणखी चेपत नाही. आजूबाजूचं ॲल्युमिनियम गरम हवेच्या गननं तापवायचं, कारण ते उष्णतेनं पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. एवढ्याशा भोकात हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावा लागतो, पण खुंटीला तेवढं पुरतं. मग पकडीनं धरून ओढायचं नाही, फक्त डावी-उजवी पिळायची. आधी ती कुरकुरली, मग फिरली, मग फिरता फिरता बाहेर आली. आमच्याकडे खुंटी हलवून बळकट करतात असं म्हणतात. ही हलवून सुटली, यात मला थोडा भाषेचाच अपमान वाटला.

यशानं चढलेल्या मेहुण्यानं मी हात धुवून येईपर्यंत त्याच उपायानं उजवीकडचीही काढली. "साफ करून घालू की परत!" साफ केली, झकास केली, आणि बघतो तर नाही. ट्रेमध्ये नाही, गाडीखाली नाही, खिशात नाही. मोठी बॅटरी घेऊन आम्ही फरशीचा इंचन् इंच धुंडाळला. पाऊण तास.

"भावोजी, एक खुंटी आहे, सात बोल्ट आहेत. तेवढ्यावर नाही का राहणार?"

मोह मलाही झाला होता, म्हणून मी जरा जास्तच आवाज चढवून समजावलं. बोल्ट धरून ठेवतो, जागा दाखवत नाही. बोल्ट भोकातून जावा म्हणून भोक मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं, तेवढ्यात सगळं बेलहाउसिंग बाजूला सरकू शकतं. आणि इंजिनाचा क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत हवेत. जुन्या कारागिरांचा नेहमीचा आकडा इंचाच्या हजार भागांतल्या पाच भागांचा, म्हणजे साधारण ०.१३ मिलिमीटर. दोन केस शेजारी ठेवले की संपला. त्याहून बाहेर गेलं की क्लच नीट सुटत नाही, बेअरिंग गुरगुरायला लागतं, आणि दुसऱ्या गिअरसाठी एवढा खटाटोप करून आपण पाचही गिअर घालवून बसतो. असली तर आत येऊ देत नाही, नसली तर काम पुढे सरकू देत नाही, अशी ही वस्तू. माझं भाषण संपलं तेव्हा काका माझ्या हातातल्या बॅटरीकडे बघत होते.

बॅटरीच्या बुडाला लोहचुंबक असतो, पत्र्याला चिकटवून ठेवता यावी म्हणून. खुंटी तिथे चिकटलेली होती. पाऊण तास तिला हातात धरून आम्ही तिच्यावरच उजेड पाडायचं सोडून बाकी सगळीकडे पाडला होता.

भोकं घासली, खुंट्यांना चिकटू नये म्हणून तांब्याच्या वंगणाचा अगदी पुसट हात लावला, इंजिनातली एक आणि बॉक्समधली एक अशा मोजून दोन. दोनदा मोजल्या. मेहुण्याकडूनही मोजून घेतल्या. बॉक्स चढवला, जॅक इंजिनाच्या तिरकेपणाला जुळवून घेतला, शाफ्ट जरासा फिरवला. आणि मग हाताच्या नुसत्या रेट्यानं तो आत गेला. आधी दाते, मग दोन्ही खुंट्या एकाच वेळी, आणि शेवटी धातूवर धातू बसल्याचा एक जाड, बुटका, फार समाधानी आवाज : ठप्. फटीत कागद जाईना. बोल्ट बोटांनी फिरले. मी पाना घेऊन एकेक करत समोरासमोरचे आवळले, ठरल्या मापानं. स्टार्टर बसवला, शाफ्ट घातले, तेल भरलं. काकांनी खुर्ची मिटली.

मेहुणा हत्यारं गोळा करत भिंतीपाशी गेला आणि थांबला.

"भावोजी," तो म्हणाला, "हा पत्रा कशाचा?"

त्याच्या हातात चकचकीत पुसलेला अर्धचंद्र होता. दोन्ही टोकांना एकेक गोल भोक, करंगळी जाईल एवढं. काकांनी त्या भोकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलेली खुर्ची पुन्हा उघडली.