चोवीसची गाळणी

पृथ्वी डुलते म्हणून मला १८० रुपयांचा भुर्दंड बसला. हे वाक्य कालपासून मी घरात, ऑफिसात आणि लिफ्टमध्ये मिळून सहा जणांना ऐकवलं. सहाही जण "हो का" म्हणाले आणि मोबाइलकडे वळले. म्हणून आता लिहूनच काढते.

संक्रांत दोन दिवसांवर आली होती आणि वाणाचा पत्ता नव्हता. त्यात यंदा रथसप्तमी २५ जानेवारीलाच, म्हणजे हळदीकुंकवाला जेमतेम बारा दिवस. आमच्याकडे येणाऱ्या बायका ४५, मी ठरवलेलं बजेट १००० रुपये. माणशी २२ रुपये २२ पैसे. या पैशात काय येतं ते आमच्या माळ्यावर चढून बघावं. मागच्या काही वर्षांची वाणं तिथे नांदताहेत: पाणी जायला भोकच नसलेल्या साबणदाण्या, झाकण एकदा लागलं की दातांनीच उघडावे लागणारे करंडे आणि एकमेकांत बसतील असं सांगून दिलेले तीन डबे, जे एकमेकांच्या तोंडाकडेही बघत नाहीत. त्यातलंच काही खपवावं, असं मनात आलं नाही असं नाही. पण दोन वर्षांपूर्वी मी दिलेली मेणबत्ती चौथ्या मजल्यावरून तळमजल्याला, तिथून बी विंगला आणि बी विंगहून माझ्याच ओटीत परत आली होती. वातीवर माझ्या मुलीने काढलेला स्केचपेनचा ठिपका तस्साच होता. तेव्हापासून धसका घेतलाय.

म्हणून हाफ डे टाकून सोमवारी दुपारी बोहरी आळीत गेले. एका हातात भोगीच्या भाजीची पिशवी. ओला हरभरा, पावटे, गाजरं, वांगी. वांगी खालीच गेली होती, ती नेहमी खालीच जातात. दुकान म्हणजे दोन भिंतींमधलं बोळकांडं, गिऱ्हाइकाने आडवं होऊन आत शिरायचं. छताला गाळण्यांचे घोस टांगलेले. स्टीलची जाळी, निळी प्लास्टिकची दांडी. "होलसेलने चोवीस," शेठ म्हणाले. मी तेवीस म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"चोवीस कसले? संक्रांत संपली की!"

पंचाहत्तरीचे काका. कानटोपी, हाताने विणलेला स्वेटर, खांद्याला शबनम. पुण्यात या वयाचा माणूस दुकानात काही घ्यायला येतो असं समजणं ही नवख्याची चूक आहे.

"आजोबा, बुधवारी आहे संक्रांत," शेठ म्हणाले.

"कुणाची?"

मापात न बसणारा प्रश्न आला की दुकानदार गल्ल्याकडे बघतो. शेठनी बघितलं.

"आमची शनिवारी झाली," काका म्हणाले. "दहा तारखेला. टिळक पंचांग." मग माझ्याकडे वळून, "तुमचं कुठलं?"

"साधंच. भिंतीवरचं. चौदा तारीख." मी हे किंचित तोऱ्यात म्हणाले. बहुमत पाठीशी असलं की माणसाला असा तोरा येतो. तो मला पुढच्या वीस मिनिटांत ४५ गुणिले ४ या हिशेबाने पडला.

"चूक," काका म्हणाले. "आणि आमचीही चूक. खरं उत्तरायण सुरू झालं २१ डिसेंबरला. रविवारी, रात्री आठ वाजून तेहतीस मिनिटांनी."

"रविवारी दुकान बंद असतं," शेठ म्हणाले.

काकांनी वरच्या घोसातून एक गाळणी सोडवली, दांडी दोन बोटांत उभी धरली आणि जाळी गरागरा फिरवली. "ही पृथ्वी. आता बघा, दांडी सरळ राहते का? नाही राहत. भोवऱ्यासारखी डुलते. एक डुलकी पुरी व्हायला २६,००० वर्षं."

"ओरखडे पडतील, आजोबा."

"७२ वर्षांत एक अंश! आणि तुमची संक्रांत मोजतात ताऱ्यांवरून, म्हणून ती पुढे पुढे सरकते. विवेकानंद जन्मले १२ जानेवारी १८६३ ला, त्या दिवशी संक्रांत होती. आता १४ ला येते, मधूनमधून १५ ला. साधारण सतराशे वर्षांपूर्वी उत्तरायण आणि मकर संक्रांत एकाच दिवशी यायचे. सूर्य तेव्हा वेळेवर होता, आत्ताही वेळेवर आहे. आपण मागे राहिलो."

बाहेरून प्रचाराची रिक्षा आली. गुरुवारी महापालिकेचं मतदान, त्यामुळे दर पाच मिनिटांनी एक उमेदवार कर्ण्यातून आपला नम्र होऊन जात होता. रिक्षा जाईपर्यंत काकांनी पृथ्वी हातात धरून ठेवली. माझ्यामागे दोन बायका येऊन तुंबल्या. त्यातली एक म्हणाली, "लाइन पुढे सरकत का नाहीये?" मला म्हणावंसं वाटलं, ७२ वर्षांत एक अंश सरकतेय.

"सरकारनेसुद्धा मान्य केलंय," काका पुन्हा फिरू लागले. "शास्त्रज्ञ मेघनाद साहांची समिती. १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका आहे. तिच्यात १ पौष कधी? २२ डिसेंबर. सरळ सूर्याला धरून. पण ती पाळतो कोण? आकाशवाणी आणि मी."

खरं म्हणजे इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण त्या माणसाच्या आवाजात असं काही होतं, की बोहरी आळीत आडवं उभं राहूनही मला विचारावंसं वाटलं, "मग तुम्ही २१ डिसेंबरला करता काय?"

काकांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. गाळणी खाली ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी माप दाखवलं. "गॅलरीत एक मीटरची काठी उभी करतो. ओळंब्यात. दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य डोक्याच्या रेषेत आला की सावली मोजायची. पुण्यात नव्वद सेंटिमीटर भरते. वर्षातली सगळ्यात लांब माध्यान्हीची सावली! दुसऱ्या दिवसापासून ती आखडायला लागते. खडूने खूण करून ठेवायची. झाला उत्सव. खर्च शून्य."

"आणि काकू?"

"ती म्हणते काठी काढा, कपडे वाळत घालायचेत."

"मग या गाळण्या?"

"या तिच्या. खगोल माझा, हळदीकुंकू तिचं." आणि शेठकडे वळून, "तर मुद्दा असा, की सण होऊन आज बावीस दिवस झाले. दिवाळीनंतर बावीस दिवसांनी आकाशकंदील पूर्ण भावाने विकाल का तुम्ही? नाही ना? मग हा पडून राहिलेला माल आहे. आणि आणखी एक गंमत सांगतो. उत्तरायणापासून तुमच्या संक्रांतीपर्यंत दिवस २४. अयनांश, म्हणजे या डुलण्याने पडलेलं अंशांचं अंतर, तेही २४. भावही २४! शेठ, भाव पंचांगातून काढता काय?"

शेठनी एकदा माझ्यामागे वाढलेल्या रांगेकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. मग हरलेल्या आवाजात म्हणाले, "वीसने घ्या. किती पाहिजेत?"

"अकरा."

अकरा! एवढं आख्खं ब्रह्मांड फिरवून अकरा! २२० रुपये मोजून काकांनी शबनममधून कागदाची पुडी काढली, शेठच्या, माझ्या आणि मागच्या दोघींच्या तळहातावर हलव्याचे चार-चार दाणे ठेवले, "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणाले आणि आडवे होऊन निघून गेले.

मी हलवा चघळत म्हणाले, "मलाही वीसने लावा. पंचेचाळीस द्या."

"चोवीस, मॅडम."

"अहो, आत्ता त्यांना वीसने दिलीत!"

"त्यांची संक्रांत झाली ना. तुमची बुधवारी आहे."

"पण खरं उत्तरायण एकवीस डिसेंबरला..."

"ते त्यांचं. तुम्ही भिंतीवरचं म्हणालात." मागची बाई म्हणाली, "हो, म्हणाल्या त्या."

तोंडात तिळगूळ होता. गोड बोलावं लागलं. १०८० रुपये दिले. म्हणजे बजेटवर ८० वर आणि काकांच्या भावावर १८० वर. वर त्यातल्या एका गाळणीवर ओरखडे. पृथ्वीच ती, माझ्याच गठ्ठ्यात आली.

बसमध्ये बसल्यावर राग यायला लागला, आणि गंमत म्हणजे तो शेठचा नव्हता. शेठ बरोबरच होते. राग त्या काठीचा होता. मलाही हवा आहे असा सण. गॅलरीत काठी उभी करायची, सावली मोजायची, खडूने रेघ मारायची आणि "खर्च शून्य" म्हणून चहा मागवायचा. पण घरात ज्याची काठी असते त्याचा खर्च शून्य होतो, कारण गाळण्या दुसरं कुणीतरी आणतं, तीळ दुसरं कुणीतरी भाजतं, सुगडांना दोरे, हळदकुंकवाची बोटं आणि आत बोरं, घाटे, उसाचे करवे दुसरं कुणीतरी भरतं. काकू कोण, कशा दिसतात, मला माहीत नाही. पण अकरा म्हणजे त्यांनी गेल्या वर्षीच्या वाणातून बाकीची सोय केली असणार, हे मी शपथेवर सांगते.

आणि उत्तरायणाचं एवढं कौतुक, तर माझी सकाळ का उजाडत नाही? डिसेंबरात सव्वासहाला डबे भरायचे तेव्हा अंधार, आत्ताही अंधार, उलट जास्तच. नंतर पेपरात रोजच्या वेळा पाहिल्या. पुण्यात सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो, दिवस वाढतो तो सगळा संध्याकाळच्या बाजूने. म्हणजे निसर्गानेसुद्धा वाढीव उजेड दिला तो मी ऑफिसात ट्यूबलाइटखाली असतानाच.

आता चिडलेच आहे तर एक शेवटचं. आमच्याकडचे तिळगुळाचे लाडू सासूबाई वळतात. चिक्कीचा गूळ, पाक गोळीबंद झाला की मिश्रण ताटात, आणि ते गरम असतानाच हाताला तूप लावून भराभर वळायचं. गार झालं की खडी होते. मला चटके सोसत नाहीत. आई दीडशे लाडू एका बैठकीत वळतात, तळवे लाल होतात आणि त्या नळाखाली धरून "काही नाही गं" म्हणतात. यंदा संक्रांतीलाच षटतिला एकादशी, म्हणजे गुळाच्या पोळ्याही त्याच करणार आणि आपल्या वाटणीची दुसऱ्या दिवशी खाणार. सासरे जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून हळदीकुंकवाच्या दिवशी बायका यायला लागल्या की आई आतल्या खोलीत जाऊन टीव्हीचा आवाज बारीक करून बसतात. कुणी "जा" म्हटलेलं नाही. गेल्या वर्षी मी म्हणाले, बाहेर बसा, तर म्हणाल्या, "उगाच कुणाच्या मनात काही नको." बाहेर ४५ जणी त्यांचे लाडू खाऊन "छान खुसखुशीत झालेत हो" असं मला सांगत होत्या. मीही "थँक्यू" म्हणत होते. माझ्या त्या थँक्यूचं काय करायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

तर घरी आले, गाळण्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला आणि सगळी हकिकत आईंना सांगितली. काका, भोवरा, विवेकानंद, शेठ. वाटलं होतं, निदान त्या तरी "काय बाई माणूस" म्हणतील. त्या पावटे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरोबर आहे की त्यांचं. आमच्याकडे रत्नागिरीला दहालाच असायची."

"काय?"

"माहेरी टिळक पंचांगच होतं. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी मी दहा तारखेला तीळ भाजायला घेतले, तर तुझ्या आजेसासूबाई हसल्या."

"अहो आई, मग इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत ते?"

"विचारलं कुणी?" त्यांनी पावट्याचं एक टरफल बाजूला टाकलं. मग उठल्या, गठ्ठा सोडला, वरची एक गाळणी काढून नळाखाली धुतली आणि आमच्या दोघींचा चहा तिच्यातून गाळला. ओरखड्यांची होती तीच. कपाच्या तळाशी पावडर फिरताना दिसत होती.

"भुकटी खाली येतेय गं. केवढ्याला म्हणालीस?"

"चोवीस."

आईंनी कप उजेडाकडे धरून बघितला.

"वीसला असती तर चालली असती."