पाचव्या फोटोबद्दल

नमस्कार ताई,

आमच्याकडच्या मॅमोग्राफीबद्दल, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीबद्दल, तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू काल रात्री वाचला. रिपोर्टला दोन दिवस लागले, आणि फोटोसाठी स्तनावर प्लेटचा दाब देण्याआधी आमच्या टेक्निशियन मुलीने तुम्हाला नीट कल्पना दिली नाही. दोन्ही चुका आमच्या. मनापासून माफी मागतो.

पण "मशीन खराब म्हणून पाचवा फोटो काढला, दुप्पट रेडिएशन दिलं" हे वाक्य फार लागलं. तुम्ही स्वतःच जाहीर लिहिलं आहे म्हणून इथे उत्तर देतो. उजव्या बाजूच्या तिरक्या फोटोत काखेजवळ बारीक पांढरे ठिपके दिसले. डिओमधल्या ॲल्युमिनियमचे कण फोटोत अगदी कॅल्शियमच्या कणांसारखे दिसतात, आणि तसे कण कधीकधी कॅन्सरची पहिली खूण असतात. मुलीने विचारल्यावर तुम्ही डिओ लावल्याचं सांगितलंत. ओल्या टिश्यूने पुसून तोच फोटो परत घेतला, ठिपके गेले. तो घेतला नसता तर तुम्हाला संशयाचा रिपोर्ट हातात घेऊन घरी जावं लागलं असतं. अपॉइंटमेंटच्या मेसेजमध्ये "पावडर, डिओ लावू नये" लिहिलेलं असतं. तरी खोलीत परत विचारायला हवं होतं, हे मान्य.

आता डोस. प्रत्येक फोटोनंतर डोसचा आकडा स्क्रीनवर येतो, मिलीग्रेमध्ये, म्हणजे स्तनाने किती रेडिएशन शोषलं त्याचं माप. तुमचे पाचही 1.3 ते 1.7 मिलीग्रेच्या दरम्यान आहेत. अमेरिकेच्या कायद्यात मर्यादा आहे एका फोटोला 3 मिलीग्रे, आणि ती 4.2 सेंटिमीटर जाडीच्या प्रमाणित स्तनासाठी ठरवलेली आहे. त्यासाठी फँटम, म्हणजे स्तनाच्या जागी ठेवायचा ॲक्रिलिकचा चाचणी-ठोकळा असतो, आत मेणात बारीक धागे, कण आणि गाठी बसवलेल्या. आम्ही तो रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी लावतो. ठरलेले धागे, कण, गाठी दिसल्या नाहीत तर त्या दिवशी मशीन बंद. प्लेटने दाबतो तेही डोससाठीच, स्तनाची जाडी कमी झाली की डोस कमी लागतो. दुखतं, ते मी नाकारत नाही.

नेहमीच्या चार फोटोंचा एकूण परिणामकारक डोस, म्हणजे पूर्ण शरीराच्या हिशोबाने धरलेला डोस, साधारण 0.4 मिलिसिव्हर्ट (त्याचं एकक) धरतात. जमिनीतून, हवेतून, आकाशातून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिळतोच. तुम्हाला उजव्या बाजूला दोनऐवजी तीन फोटो लागले. दुप्पट नाही, ताई.

रेडिएशन अडवणारा कॉलर गळ्याला दिला नाही असंही तुम्ही लिहिलंय. थायरॉइडपर्यंत पोचणारा डोस नगण्य असतो, आणि कॉलर फोटोत आला तर फोटो परत घ्यावा लागतो. अमेरिकेतली रेडिऑलॉजिस्टांची संस्था 2011 पासून हेच सांगते आहे.

मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे, तो रिसेप्शनच्या मागे लावला आहे. क्वालिटी टेस्टचा रिपोर्टही मागितलात तर दाखवतो. अकरा वर्षं झाली सेंटरला, मशीनचे हप्ते अजून चालू आहेत. गावाकडच्या बायका आधीच घाबरत घाबरत येतात, कुणी सासूला न सांगता, कुणी दोनदा नंबर लावून परत गेलेली. "इथे रेडिएशन जास्त देतात" हे मोबाईलवर वाचलं की त्या तिसऱ्यांदा येणारच नाहीत. रात्री झोप लागली नाही ती यामुळे.

पाचव्या फोटोचे पैसे घेतलेले नाहीत, पावतीवर बघा. कपडे बदलायच्या खोलीत डिओची मोठी पाटी लावतोय, रिपोर्ट लवकर देण्याचंही बघतो. तारे तुम्हाला द्यायचे तेवढे द्या, पण मशीन खराब असल्याचं वाक्य तेवढं काढावं, ही विनंती. खात्री करायची असेल तर कुठल्याही दिवशी सकाळी साडेआठला या, फँटम तुमच्यासमोर लावतो.