१४४१६ राहिलाच की!

तुमच्या लेखात नैराश्य आणि चिंतेसाठी इतकी अ‍ॅप सुचवलीत, पण १४४१६ या फोन नंबरचा साधा उल्लेखही नाही, याचं नवल वाटलं. या नंबरवर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

मीही आधी एक अ‍ॅप घेतलं होतं (नाव नको). रोज सकाळी पाच चेहरे दाखवून कसं वाटतंय विचारायचं, तेही इंग्रजीत. मी आपली मधला चेहरा दाबून मोकळी. रात्री छातीत धडधडायचं ते त्या पाचांत कुठे बसणार? शेवटी एकदा गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे उभं राहून फोन लावला. घरात बोलायची सोय नाही, दोन खोल्यांत पाच माणसं! पलीकडच्या ताईंनी आधी विचारलं, "जेवलात का?" तिथेच रडू फुटलं. मग जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा म्हणाल्या. आता गोळ्या चालू आहेत. अ‍ॅपमधला श्वासाचा व्यायाम मात्र अजून करते, तेवढा खरंच कामाचा निघाला.