जुन्या कंपायलरचं ओझं मेंटेनरनेच का वाहायचं?

ओपन सोर्स प्रोजेक्टने एखाद्या जुन्या कंपायलरचा (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाचा) सपोर्ट काढला की ठरलेली ओरड सुरू होते. "आमच्या सर्व्हरवर अजून जीसीसी ४.८ आहे, तुम्ही आमचं बिल्ड मोडलंत." एका छोट्या सी++ लायब्ररीच्या देखभालीत माझा हात असतो, त्यामुळे हे मेल मलाही येतात. माझं मत स्पष्ट आहे: सपोर्ट काढायचा हक्क मेंटेनरचा, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याचा आहे आणि त्याने तो वापरायला हवा.

जीसीसी हा सी आणि सी++ चा कंपायलर, आणि त्याची ४.८.५ ही आवृत्ती सेंटओएस ७ या लिनक्स सिस्टीमसोबत यायची. त्या सिस्टीमची मुदत ३० जून २०२४ ला संपली. तरीही तो कित्येक ठिकाणी चालू आहे, कारण "चालतंय ना, मग कशाला हात लावा?" पण चालतंय म्हणजे नेमकं काय? याच ४.८ मध्ये स्टँडर्ड लायब्ररीतल्या रेजेक्सचं, म्हणजे मजकुरात पॅटर्न शोधायच्या सोयीचं हेडर आहे. कोड विनातक्रार कंपाइल होतो, लिंक होतो. प्रोग्राम चालवला की चौकटी कंसातला अगदी साधा पॅटर्नसुद्धा एक्सेप्शन (चालू प्रोग्राममधली चूक) फेकतो, कारण आतलं काम तेव्हा अर्धवटच होतं. ते ४.९ मध्ये पुरं झालं. ज्याला हे माहीत नाही तो आधी स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधतो, मग आमच्या. शेवटी इश्यू, म्हणजे लेखी तक्रार, आमच्याकडे येतो आणि रविवार आमचा जातो.

याहून वाईट प्रकार लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये घडला. एआरएम ६४-बिट प्रोसेसरच्या मशीनवर ईएक्सटी४ फाइल सिस्टीम अधूनमधून चेकसम (डेटा बिघडला का हे तपासणारा आकडा) चुकल्याची तक्रार करायची. डिस्क तपासली तर डेटा ठीक. रसेल किंगसारखा मुरलेला कर्नल डेव्हलपर कित्येक महिने याच्या मागे होता. जानेवारी २०२१ मध्ये मूळ सापडलं ते जीसीसी ४.९ मध्ये. फंक्शन संपताना त्या कंपायलरने बनवलेला कोड स्टॅक पॉइंटर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीची हद्द) आधी मागे घ्यायचा आणि त्या सोडलेल्या जागेतली किंमत नंतर वाचायचा. मधल्या त्या क्षणात इंटरप्ट (हार्डवेअरने मध्येच दिलेली हाक) आला की किंमत पुसली जायची. म्हणजे फाइल सिस्टीम निर्दोष, डिस्क निर्दोष, आणि ४.९ तर तेव्हा कर्नलच्या अधिकृत सपोर्टमध्ये होता! त्यानंतर एआरएम ६४ साठी किमान जीसीसी ५.१ ची अट आली, आणि त्याच वर्षी ५.१५ कर्नलपासून ती सगळ्यांनाच लागू झाली.

ती अट वाढल्याचा फायदा लगेच पुढच्या वर्षी दिसला. कर्नल तोवर १९८९ च्या सी मध्ये अडकलेला होता. लूपचं व्हेरिएबल लूपमध्येच जाहीर करता येत नव्हतं, ते बाहेर ठेवावं लागायचं. लूपने यादी वाचून संपवली की त्यात मेमरीतला भलताच पत्ता उरायचा आणि खाली कुणीतरी तो खरा समजून वापरायचं. २०२२ मध्ये सुरक्षेच्या अंगाने हा विषय निघाला, आणि किमान कंपायलर जीसीसी ५.१ असल्यामुळेच कर्नल ५.१८ मध्ये सी११ वर, म्हणजे २०११ च्या सी वर जाता आलं. २०१८ पर्यंत याच कर्नलची किमान अट जीसीसी ३.२ होती, म्हणजे २००२ सालचा कंपायलर.

जुना कंपायलर धरून बसण्याचं एक मोल कुठल्याच हिशेबात धरलं जात नाही, ते नव्या माणसाचं. कॉलेजमधली एखादी मुलगी आधुनिक सी++ शिकून, मन लावून पहिला पॅच (कोडमधला बदल) पाठवते आणि आमचं पहिलं उत्तर जातं, "हे ४.८ वर चालत नाही, जुन्या पद्धतीने लिहून द्या." ती परत येत नाही. मला हे फार लागतं.

दुसरी बाजू आहे, आणि मी ती मानतो. काही लोक जुनी हार्डवेअर आर्किटेक्चर्स स्वतःच्या वेळात जिवंत ठेवतात. काही जण अगदी छोट्या बायनरीपासून (तयार मशीन-कोडपासून) सुरुवात करून अख्खी सिस्टीम सोर्समधून उभी करतात. त्यांना जुना जीसीसी लागतोच, कारण ४.८ पासून जीसीसी स्वतःच सी++ मध्ये आला. निव्वळ सी कंपायलरने तयार होणारा ४.७ हा शेवटचा. पण ही मंडळी सहसा जुना सोर्सच घेतात आणि अडलं तर स्वतः पॅच पाठवतात. त्यांच्यासाठी मी आनंदाने वेळ काढेन.

ओरडणारे बहुतेक वेगळेच असतात: पगारी टीम, कंपनीचा ईमेल आयडी आणि "शुक्रवारपर्यंत फिक्स हवा". यांना खरं तर अडचण नाहीच. जुन्या सिस्टीमवर जुनाच कंपायलर वापरावा लागतो हा गैरसमज आहे. रेड हॅट कंपनीने आपल्या आरएचईएल ६ आणि ७ या लिनक्स सिस्टीमसाठी डेव्हटूलसेट दिला होता, म्हणजे खालची सिस्टीम तीच ठेवून शेजारी नवा जीसीसी. तेही नको असेल तर आमची जुनी आवृत्ती आहेच, ती कुणी काढून घेतलेली नाही. आणि नव्या आवृत्तीतलं फीचर जुन्या कंपायलरवरच हवं असेल, तर त्या कामाचे पैसे द्या किंवा तुमचा माणूस द्या. पुण्या-मुंबईतल्या, बंगळुरूतल्या ज्या मित्रांच्या हातात हे निर्णय आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, हा खर्च बजेटमध्ये धरा.

मेंटेनरचीही एक जबाबदारी आहे. अट अचानक वाढवायची नाही. किमान आवृत्ती रीडमीमध्ये (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये) लिहायची आणि तीच सीआयमध्ये, म्हणजे आपोआप होणाऱ्या चाचण्यांमध्ये रोज चालवायची. जो कंपायलर सीआयमध्ये नाही त्याला सपोर्ट आहे असं म्हणायचंच नाही. आमच्या लायब्ररीत पुढच्या मोठ्या आवृत्तीपासून जीसीसी ८ ही किमान अट असेल. जुन्या शाखेत वर्षभर फक्त सुरक्षेचे फिक्स येतील. ज्याला ती शाखा त्यापुढे सांभाळायची आहे त्याने इश्यूमध्ये लिहावं, कमिटचा, म्हणजे कोड थेट बदलायचा ॲक्सेस मी स्वतः देईन.